ऑफिसनं दिलेला कामाचा माणूस: ९ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये हिंजवडीतल्या आमच्या कंपनीनं कॅन्टीनच्या दाराशी एक छोटं काउंटर सुरू केलं. कर्मचाऱ्यांची घरची-बाहेरची कामं करून देणारी दोन माणसं आणि एक अ‍ॅप. महिन्याला ४ कामं कंपनीच्या खर्चानं, पुढच्या प्रत्येक कामाला १२० रुपये. मी वहीत नोंद ठेवली आहे. ९ महिन्यांत ३१ कामं दिली, त्यातली २६ नीट झाली.

आधी गरज का पडते ते सांगते. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे माझी सुट्टी आणि त्यांची सुट्टी एकाच दिवशी. बँकासुद्धा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. मी राहते कोथरूडला, चांदणी चौकातून यायला पाऊण तास लागेल की दीड, हे निघताना सांगता येत नाही. एक कागद द्यायचा तरी अर्ध्या दिवसाची रजा. मागच्या वर्षी अशा सात रजा गेल्या, या ९ महिन्यांत एकच.

सगळ्यात उपयोगी पडलं ते स्कूटरच्या नंबर प्लेटचं काम. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट लावून घ्यायची होती. पैसे ऑनलाइन भरता येतात, दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये, पण प्लेट बसवायला ठरल्या वेळी गाडी केंद्रावर न्यावीच लागते. काउंटरवरच्या काकांनी ऑफिसच्या पार्किंगमधून स्कूटर नेली, मी मीटिंगमध्ये होते, आणि तीन वाजता प्लेट लावलेली गाडी जागेवर उभी होती. निघण्यापूर्वी त्यांनी स्वतःच गाडीभोवती फिरून आधीचे ओरखडे मला दाखवले होते. असं काळजीनं काम करणारा माणूस मिळणं ही या सोयीतली खरी गोष्ट आहे.

दळणाचं मात्र एकदा फसलं. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी गिरणीत पाठवली. काका रजेवर होते, नवीन मुलगा गेला. अ‍ॅपमध्ये मी फक्त ‘दळण, ३ किलो’ लिहिलं होतं. भाजणी दळली गेली बाजरीवर. चकल्या काळपट झाल्या आणि सासूबाईंना फार वाईट वाटलं, कारण भाजणी त्यांनी स्वतः भाजली होती. तेव्हापासून मी ‘हरभरा डाळीवर दळा, आमच्या आधी बाजरी-मिरची नको’ असं सगळं लिहून देते. अ‍ॅपमध्ये सूचनेला जेमतेम दीड ओळ आहे, म्हणून डब्यावरच चिठ्ठी चिकटवते.

दुसरी तक्रार गंभीर आहे. त्याच मुलानं माझ्या आधारचा फोटो स्वतःच्या फोनवर काढून दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मनात काही वाईट नव्हतं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी लेखी तक्रार केल्यावर सेवा पुरवणाऱ्यांनी फोटो पुसून घेतला आणि कागद बंद पाकिटातून न्यायचा नियम केला. आता मी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देते. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही, माणूस कितीही ओळखीचा झाला तरी.

जिथं आपणच समोर असावं लागतं, तिथं ही सोय थांबते. सासूबाईंना रेल्वेचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत, फोनवर चेहरा जुळेना. हे काम मी काकांना दिलं, तर ते म्हणाले, “ताई, हे माझ्याच्यानं होणार नाही. पोस्टमन घरी येऊन करतो, त्याला बोलवा.” पोस्टाच्या पेमेंट्स बँकेनं ७० रुपयांत घरी येऊन दाखला करून दिला. काम नाकारूनही त्यांनी आईंचा रिक्षाचा हेलपाटा वाचवला. अ‍ॅपनं हे कधीच सुचवलं नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की माणसं सारखी बदलू नयेत. घराचा पत्ता, गिरणी, आईंना ऐकू कमी येतं म्हणून बेल दोनदा वाजवायची, हे सगळं काकांना माहीत आहे.

किराणा आणि औषधांसाठी मी हे वापरत नाही, ती घरपोच येतातच. शिंप्याकडचे ब्लाउज, मिक्सरचं भांडं, बँकेत द्यायचे कागद यांसाठी नक्की वापरा.

दोन गोष्टी मला बोचतात. एक, ही सोय फक्त कायम कर्मचाऱ्यांना आहे. गेटवरच्या सुरक्षा रक्षकांना आणि सफाईच्या मावशींना रजा टाकली की त्या दिवसाचा पगार जातो, म्हणजे गरज त्यांना माझ्याहून जास्त. दुसरी, काकांना पैसे फेरीवर मिळतात. रांगेत दोन तास उभे राहिले तरी त्या वेळेचं काही नाही. दोन्हींबद्दल मी एचआरला मेल केला आहे. रांगेच्या वेळेचे पैसे देण्याबाबत विचारतो असं उत्तर आलं, मावशींच्या बाबतीत अजून काही आलेलं नाही. त्या मेलवर आणखी सह्या हव्यात म्हणून या आठवड्यात टीममध्ये फिरते आहे.