आईल रॉयल: रॉक हार्बरला उतरावं की विंडिगोला?

अमेरिकेतल्या लेक सुपीरियरमधल्या आईल रॉयल बेटावर तंबू टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो बेटाच्या कुठल्या टोकाला उतरायचं हा. ईशान्येला रॉक हार्बर, नैर्ऋत्येला विंडिगो आणि मधे 40 मैलांचं रान. गाडीरस्ता नाही, त्यामुळे एकदा उतरलात की सहसा त्याच टोकाचे होऊन राहता. आम्ही दोन उन्हाळ्यांत दोन्हीकडे राहिलो. पहिल्या खेपेला धाकटी मुलगी सहा वर्षांची होती.

देखणेपणात रॉक हार्बर थोडं सरस आहे, हे आधीच मान्य करतो. स्कोव्हिल पॉइंटच्या चिंचोळ्या खडकावर दोन्ही बाजूंनी पाणी दिसतं, तिथून पाय निघत नाही. शिवाय लॉज आहे, गरम जेवण मिळतं. शिकागोकडून येणाऱ्यांना काठावरच्या कॉपर हार्बरहून इथे येणारी बोट सोयीची, साधारण साडेतीन तासांची. आम्ही मिनियापोलिसचे. ग्रँड पोर्टेजपर्यंत पाच तास गाडीने आणि पुढे विंडिगोला दोनेक तास बोटीने. लाटा उठल्या की हा दीड तासाचा फरक पोटाला चांगला कळतो.

पण आमचं ठरलं ते बोटीवरून नाही. रॉक हार्बरच्या तळावर भर उन्हाळ्यात सलग एकच रात्र राहता येतं. पुढच्या थ्री माइल तळालाही एकच. नियम रास्तच आहे, नव्याने उतरणाऱ्यांना जागा मिळायला हवी. पण लहान मुलं बरोबर असली की ते विंचवाचं बिऱ्हाड होतं. पहिल्या रात्री शेल्टर, म्हणजे तळावरची तयार लाकडी खोपटी, सगळी भरलेली आणि वर पाऊस. सकाळी ओलाच तंबू गुंडाळून सॅकला बांधला, तर सॅक उचलवेना. थ्री माइल जेमतेम पावणेतीन मैलांवर, पण ओल्या मुळांवरून आणि निसरड्या खडकांवरून आम्हाला तीन तास लागले. तिथे तंबू सोडला तर धाकटीची स्लीपिंग बॅग पायाकडून भिजलेली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच बांधाबांध.

विंडिगोला धक्क्यापासून वॉशिंग्टन क्रीकचा तळ दहा मिनिटांवर आहे आणि सलग तीन रात्री राहता येतं. शेल्टर आधी येईल त्याला मिळतं, त्यामुळे खात्री देत नाही, पण आम्हाला मिळालं. तीन बाजूंना लाकडी भिंती, समोर जाळी. सामान एकदा मांडलं ते तिसऱ्या दिवसापर्यंत हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीने मला हलवून उठवलं. जाळीपलीकडे ओढ्यात एक मूस मादी, म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण, गुडघाभर पाण्यात उभी होती. डोकं बुडवून काहीतरी उपटायची, वर आली की तोंडातून हिरवे धागे लोंबायचे आणि पाणी ठिबकल्याचा आवाज थेट आमच्यापर्यंत यायचा. ती जाईपर्यंत आम्ही चहाचा स्टोव्हसुद्धा पेटवला नाही.

मुलं मोठी असतील, रोज पाठीवर सामान घेऊन चालायची हौस असेल, तर रॉक हार्बर खुशाल धरा. बेटाच्या कण्यावरून जाणारी ग्रीनस्टोन रिजची पायवाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणार असाल तर प्रश्नच मिटला, एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून निघता येतं. लहान मुलं आणि चार दिवस असतील, तर मी विंडिगो म्हणेन. पाण्याचा फिल्टर मात्र दोन्हीकडे न्याच. तिथल्या पाण्यात टेपवर्मची अंडी असू शकतात आणि ती क्लोरीनच्या गोळ्यांना दाद देत नाहीत.

येत्या ऑगस्टचं आमचं विंडिगोच ठरलंय. थिंबलबेरी, म्हणजे रासबेरीसारखी रानफळं, तेव्हा पिकलेली असतात.