कर्वेनगरमधील स्थानिक फायबर सेवा: वेग उत्तम, दुरुस्ती रामभरोसे

आमच्या सोसायटीत कर्वेनगर-वारजे परिसरातील एका स्थानिक केबलचालकाची फायबर जोडणी आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही. योजना 100 एमबीपीएसची असून राऊटरजवळ वेग जवळपास तेवढाच मिळतो. आतल्या खोलीत तो बराच घटतो, पण तो दोष कंपनीचा नसून आमच्या जाड भिंतींचा आहे. जाहिरातीतील दरात 18 टक्के जीएसटी धरलेला नव्हता, हे मात्र पावती हातात पडल्यावरच कळले.

वेगाबद्दल याहून अधिक लिहावे असे मला वाटत नाही. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या 2023 पर्यंत किमान 512 केबीपीएस अशी होती, ती आता 2 एमबीपीएस झाली आहे; आणि आईला हयातीचा दाखला ऑनलाइन देण्यासाठी, वाण्याचे पैसे यूपीआयने चुकते करण्यासाठी किंवा कार्यालयीन बैठकीला घरून हजर राहण्यासाठी शंभराचा वेग लागत नाही, तर जोडणी त्या घटकेला सुरू असावी लागते. म्हणूनच या सेवेचा खरा कस ती बंद पडल्यावर लागतो.

तो कस आमच्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी लागला. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॅप फेरीचा ऑप्शन फॉर्म भरण्याची शेवटची तारीख होती, महाविद्यालयांचा क्रम लावून झालेला होता, आणि फॉर्म निश्चित करायच्या आधीच ओएनटीवरचा, म्हणजे फायबरची तार घरात जिथे जोडतात त्या डबीवरचा, सिग्नल तुटल्याचे सांगणारा ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकू लागला. पावसात झाडाची फांदी पडून वरून गेलेली तार तुटली होती. तक्रार केंद्राने ‘आमच्याकडून सर्व सुरळीत दिसत आहे, राऊटर बंद करून चालू करा’ असे सांगितले. तार तुटल्याचे सांगूनही तोच सल्ला पुन्हा मिळाला! फॉर्म अखेर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, गॅलरीत उभे राहून भरावा लागला.

दुरुस्तीसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी जो तरुण तंत्रज्ञ आला, त्याच्या कामाला मात्र पूर्ण गुण द्यायला हवेत. पार्किंगमधील डब्यापाशी उकिडवे बसून त्याने केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यावरचे आवरण सोलले, धागा स्पिरिटने पुसला, कटरने त्याचे टोक सरळ छाटले आणि स्प्लायसिंग यंत्रात दोन्ही टोके काही सेकंदांत जोडून दिली. एवढ्याशा कामासाठी रात्रभर थांबावे लागले, कारण त्या भागासाठी कंपनीकडे स्प्लायसिंगचे यंत्र एकच आहे, असे त्यानेच सांगितले.

इंटरनेटच्या या गरजेची दखल न्यायालयांनी केव्हाच घेतली आहे. वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला, तर जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटच्या माध्यमातून होणाऱ्या अभिव्यक्तीला आणि व्यवसायाला घटनात्मक संरक्षण असल्याचे म्हटले. आमच्या केबलचालकाच्या लेखी मात्र इंटरनेटची जोडणी अजून करमणुकीची तार आहे. पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहणार असेल तर महापालिका तसे आधी जाहीर करते, लोक बादल्या भरून ठेवतात; ही कंपनी नियोजित कामासाठी सेवा बंद ठेवतानाही साधा संदेश पाठवत नाही.

तेव्हा जोडणी घ्यावी का? घरात मोबाइलची रेंज चांगली असेल तर जरूर घ्यावी, कारण या दरात असा वेग आसपास मिळत नाही. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सूट मिळते, पण तिचा मोह टाळून तीन महिन्यांचीच योजना घ्यावी. ओएनटी आणि राऊटरसाठी छोटा यूपीएस स्वतः आणून बसवावा, म्हणजे वीज गेली तरी जोडणी सहसा टिकते. तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक मागून घ्यावा. तो असल्याशिवाय कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागताना हातात काहीच राहत नाही. आम्ही सध्या तीन महिन्यांचे पैसे भरले असून घरातील एका मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचे सिम घेतले आहे.