नाताळची भेट: मेणबत्ती की खणाची वाचनखूण?

आमच्या चर्चच्या तरुण संघात पंचवीस जण. यंदा नाताळला प्रत्येकाला हातानं केलेलं काहीतरी द्यायचं ठरलं आणि लगेच दोन तट पडले.

मेणबत्तीचं सामान रविवार पेठेत एका फेरीत मिळतं. मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. थंड होताना ते आकसतं, वातीभोवती खळगा पडतो, म्हणून थोडं राखून ठेवून पुन्हा ओतावं लागतं. मागच्या वर्षी आम्ही हे विसरलो. निम्म्या मेणबत्त्यांना बेंबी! दिसायला मात्र तोड नाही. पण २४ डिसेंबरच्या रात्री पेटवली की संपली.

वाचनखुणेला खणाच्या चिंध्या पुरतात. ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंकडे पिशवीभर पडलेल्या असतात, त्या पैसेही घेत नाहीत. पुठ्ठ्याची पट्टी, एका बाजूला खण, दुसऱ्या बाजूला हातानं लिहिलेला मजकूर. गोंद अगदी कमी लावा, नाहीतर खणावर डाग उमटतो.

खरी मेहनत लिहिण्यात आहे. बारावीत नापास झाल्यापासून चर्चला न फिरकलेल्या मुलाला काय लिहायचं? बायबलमधलं स्तोत्र २३ लिहायला घेतलं, मग पट्टी उलटी ठेवली. दुसरीवर लिहिलं, "रविवारी ये रे, गिटारला धूळ बसलीय."

माझं मत खणाला. मेणबत्त्या हव्याच असतील तर चार-पाच करा, गव्हाणीच्या देखाव्याजवळ ठेवायला.