डेटाबेस डिझाइन शिकायचंय: कोर्थ, नवाथे की हर्नांडेझ?

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब मी एकदा हौसेनं एक्सेलमधून डेटाबेसमध्ये आणला. टेबल एकच: फ्लॅट नंबर, मालकाचं नाव, फोन १, फोन २, महिना, रक्कम. पुढे ३०२ नंबरचा फ्लॅट विकला गेला. मालकाचं नाव बारा ओळींत बदलायचं होतं, मी अकरा बदलल्या. त्यामुळे "डिझाइनसाठी कुठलं पुस्तक घेऊ?" असं कुणी विचारलं, की मी हेच टेबल पुढे करतो.

'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स', म्हणजे आपल्याकडे नुसतं 'कोर्थ' (तिसरे लेखक सुदर्शन, पवईच्या आयआयटीतले). कोर्थ म्हणेल, या टेबलाची 'की' (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारे रकाने) फ्लॅट आणि महिना मिळून होते, पण मालक ठरतो एकट्या फ्लॅटवरून, टेबल फोडा. फंक्शनल डिपेंडन्सी (कशावरून काय ठरतं), क्लोजर (त्यावरून आणखी काय काय ठरतं), बीसीएनएफ (टेबल नीट फोडलंय का याची कसोटी) हे सगळं काटेकोर, सिद्धतेसकट. गेट (एमटेक प्रवेशासाठीची परीक्षा) देणाऱ्याला याला पर्याय नाही. मात्र हजारावर पानांच्या या ग्रंथात डिझाइनचा गाभा जेमतेम दोन प्रकरणांत आहे (सातव्या आवृत्तीत सहावं आणि सातवं). उरलेलं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), इंडेक्सिंग, ट्रान्झॅक्शन वगैरे. लेखकांच्या संकेतस्थळावर स्लाइड्स आणि सरावप्रश्नांची उत्तरं फुकट आहेत, ती आधी चाळा.

एल्मास्री-नवाथे ('फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टिम्स') आधी चित्र काढायला बसवतात: ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) आकृती, म्हणजे कुठल्या गोष्टी आहेत आणि त्यांचे संबंध काय. कर्मचारी, विभाग, प्रकल्प असं एका कंपनीचं उदाहरण बराच काळ सोबत राहतं, त्यामुळे दर प्रकरणात नवी गोष्ट समजून घ्यावी लागत नाही. माझे 'फोन १, फोन २' इथे दुहेरी लंबगोलात जातात, म्हणजे एकाला अनेक किमती. ईआर आकृतीवरून टेबलं बनवायच्या सात पायऱ्या दिल्यात. त्यातली सहावी सांगते, की फोनचं टेबल वेगळं करा. कोर्थपेक्षा शैली पाल्हाळीक, पण नवख्याचा हात इथे जास्त घट्ट धरला जातो.

ही दोन्ही पुस्तकं डिपेंडन्सी माहीत आहेत असं धरून गणित सोडवतात. त्या आणायच्या कुठून? फ्लॅटवरून मालक ठरतो हे मी गृहीत धरलं होतं. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "जुन्या पावत्यांवर जुन्याच मालकाचं नाव राहिलं पाहिजे, ऑडिट असतं." झालं! नुसता फ्लॅट पुरेना, तारीखही हवी. म्हणजे बारापैकी काही ओळी मी बदलायलाच नको होत्या.

माणसांना असं विचारायचं कसं, हे मायकेल हर्नांडेझ 'डेटाबेस डिझाइन फॉर मिअर मॉर्टल्स'मध्ये शिकवतो. मुलाखती घ्या, जुने फॉर्म आणि रिपोर्ट मागवा, कामाचे नियम लिहून काढा. गणित जवळजवळ नाही, एसक्यूएलही शिकवत नाही. परीक्षेला निरुपयोगी, आणि मधे मधे इतकं सावकाश चालतं की झोप येते. तरी नोकरीत पहिल्यांदा टेबल बनवणाऱ्याला मी हेच आधी देईन.

सी. जे. डेट यांचं 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टिम्स' (आठवी आवृत्ती, २००३) पहिलं पुस्तक म्हणून नको. एसक्यूएलवर त्यांचा राग आहे, उदाहरणं बरीचशी ट्युटोरियल डी या भाषेत आहेत. पण फोनचा रकाना नल (रिकामा) ठेवला तर त्याचा अर्थ 'फोन नाही' की 'आम्हाला माहीत नाही', हा प्रश्न त्यांच्याइतका कुणी लावून धरत नाही. वर्षभर काम केल्यावर वाचा, तेव्हा भांडायला मजा येते.

कॉलेजात असाल तर ईआर नवाथेंतून आणि नॉर्मलायझेशन (टेबल नियमानं फोडणं) कोर्थमधून करा. दोन्ही विकत घ्यायची गरज नाही, एक लायब्ररीतून आणा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत कोर्थची जुनी प्रत मिळाली तरी डिझाइनपुरती चालेल. फक्त पाचव्या आवृत्तीपर्यंत उदाहरण बँकेचं आहे आणि सहाव्यापासून विद्यापीठाचं, त्यामुळे नव्या स्लाइड्सशी ती जुळवत बसावं लागेल.