सुटा माल की खोक्यातली केळी?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याकडे केळी बाहेर पाठवायच्या दोन तऱ्हा. जुनी म्हणजे घड कापायचे, ट्रकमध्ये पानं अंथरून थरावर थर रचायचे, वरून पुन्हा पानं, की निघाली गाडी दिल्लीकडे. खर्च कमी, पण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. त्या उन्हात खालचे घड दबतात, तासनतास तापतात आणि एक फणी पिकली की तिच्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्यांनाही पिकवतो.

दुसरी तऱ्हा खोक्यांची. फण्या वेगळ्या करून तुरटीच्या पाण्यात धुवायच्या. चीक तिथेच निघाला नाही तर सालीवर काळे ओघळ राहतात, व्यापारी आधी तेच बघतो. मग 13 किलोचं खोकं आणि 13-14 अंशांची शीतखोली. त्याखाली मात्र जाऊ नका. ‘जास्त गार, जास्त टिकाऊ’ या हिशेबाने आम्ही एकदा 9 वर ठेवली. साल राखाडी पडली, नंतर धड पिकलीच नाहीत. फ्रिजमध्ये केळी ठेवणाऱ्यांनी हेही ऐकावं!

बाजार जवळचा असेल तर माझ्या मते सुटाच माल परवडतो. आखाती देशांत पाठवायचा, तर खोक्याला पर्याय नाही.