पेंटॅक्स के१०००, काही महिन्यांनंतर: कॅमेरा ठणठणीत, फोम नालायक

आधीच सांगते, हे लिहायला बसले ते रागात. रंगीत रोल धुऊन, स्कॅन होऊन आला आणि निम्म्याहून जास्त फ्रेमवर नारिंगी पट्टा. चेहऱ्यावर पट्टा, भिंतीवर पट्टा, ढगांवर पट्टा. हल्ली लोक ॲपमधून मुद्दाम असले पट्टे लावून घेतात, 'विंटेज' म्हणून. लावोत बापडे. मी रोलचे पैसे मोजले होते.

के१०००ची ओळख करून देत बसत नाही. १९७६ ते १९९७ जवळजवळ त्याच रूपात निघालेला, आत आरसा असलेला फिल्म कॅमेरा, सगळा मेकॅनिकल, बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या लाइट मीटरसाठी, सेल्फ-टायमरसुद्धा नाही. माझ्या कॅमेऱ्यासोबत ५० एमएम एफ/२ लेन्स आली. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा, घरात आहेच. तो माणसाचा डोळा हुडकून फोकस धरतो, सेकंदाला डझनावारी फ्रेम काढतो, आणि माझे फोटो मात्र आहेत तिथेच. काही जण म्हणाले नवी लेन्स घे. काही जण म्हणाले फिल्मवर ये, फिल्म माणसाला फोटोग्राफर बनवते. दुसरा सल्ला स्वस्त पडत होता, म्हणून तो ऐकला. (किती दिवस स्वस्त, ते फिल्मचे दर बघणाऱ्यांना सांगायला नको.)

तर पट्टे. दुरुस्तीवाल्याला मोबाइलवर स्कॅन दाखवले. त्याने कॅमेरा हातातही न घेता निदान केलं, "मॅडम, शटरचा पडदा गेलाय. भोक पडलंय. पडदाच बदलावा लागेल." लॅबवाला म्हणाला, "तुमची फिल्म जुनी असणार." मी म्हटलं, निगेटिव्ह द्या, मी बघते. तर म्हणे, "निगेटिव्ह आम्ही ठेवत नाही. स्कॅन पाठवलेत ना?"

फेकून दिले होते. माझे निगेटिव्ह, मला न विचारता, फेकून दिले होते.

हे एवढं लागायला कारण आहे. प्रकाश कॅमेऱ्यात कुठून शिरला हे स्कॅनवरून कळत नाही, कारण स्कॅनर फ्रेमच्या कडेला कापून मोकळा होतो. निगेटिव्हवर ते स्वच्छ दिसतं. पट्टा फ्रेमबाहेर, दोन फ्रेममधल्या कोऱ्या जागेत आणि कडेच्या छिद्रांपर्यंत पसरला असेल तर प्रकाश मागच्या झाकणातून आलाय. फ्रेमच्या चौकटीतच थांबला असेल तर शटरकडे किंवा आरशाच्या बाजूला बघायचं. रंगानेही थोडा अंदाज येतो. रंगीत निगेटिव्हमध्ये लाल रंग टिपणारा थर सगळ्यात खाली, फिल्मच्या पारदर्शक बेसला लागून असतो. मागून घुसलेल्या प्रकाशाला आधी तोच भेटतो, म्हणून पट्टा लालसर-नारिंगी उमटतो. मला झाकणाचाच संशय होता, पण पुरावा लॅबच्या कचऱ्यात गेला होता. पुढचा रोल दुसऱ्या लॅबला दिला, पाकिटावर ठळक लिहून: निगेटिव्ह परत हवेत. आले. पट्टा छिद्रांच्या पार गेलेला. पडद्याला काहीही झालं नव्हतं. तो बदलून घेतला असता तर कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त पैसे गेले असते आणि पट्टे तसेच राहिले असते.

गुन्हेगार फोम. याबद्दल जरा सविस्तर बोलू द्या.

मागचं झाकण ज्या खाचांमध्ये बसतं तिथे आणि बिजागरीच्या बाजूला काळ्या फोमच्या बारीक पट्ट्या असतात. आरसा वर आपटतो तिथेही एक असते. हा फोम वयाबरोबर कुजतो आणि त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. कॅमेरा वापरला, नाही वापरला, कपाटात डब्यात ठेवला, काही फरक पडत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. म्हणून जाहिरातीत 'मिंट कंडिशन, कधीच न वापरलेला' असं लिहिलं असेल तर त्यातून फोमबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही. उलट मी जास्त सावध होईन, कारण वापरणाऱ्याने निदान एकदा तरी बदलला असता. घेताना झाकण उघडा, पट्टीला नख लावा. नख काळं झालं की किंमत पाडून मागा.

पन्नास वर्षं चालेल असं शटर बनवणाऱ्यांनी आतला अंधार राखायची जबाबदारी अशा पट्टीवर टाकावी, हे मला अजून पचत नाही. न्यायाने सांगायचं तर त्या काळातल्या बहुतेक जपानी एसएलआरमध्ये (असल्याच आरशाच्या कॅमेऱ्यांमध्ये) हेच आहे. ऑलिंपस ओएम-१मध्ये तर फोम आहेच, शिवाय मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला. ती बॅटरी आता बाजारातून गेली आणि १.५ व्होल्टची घातली की मीटर चुकीचं सांगतो. के१०००ला साधा एलआर४४ सेल चालतो. एवढं एक सुख.

फोम घरी बदलला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकाड्या, टूथपिक आणि भरपूर शिव्या. जुना लगदा निघता निघत नाही आणि बोटांना लागला की सगळीकडे लागतो. खाचांमध्ये काळी लोकर दाबून बसवली, बिजागरीला नवा फोम लावला. आरशाजवळचं काम मात्र जपून करा. तिथला चुरा थेट फोकसिंग स्क्रीनवर (आरशावरच्या, चित्र उमटतं त्या पडद्यावर) पडतो, आणि त्या स्क्रीनला अल्कोहोल लागलं तर स्क्रीन गेलीच म्हणून समजा. त्यानंतरच्या रोलवर एकही पट्टा नाही. दुरुस्तीवाल्याला दाखवायला गेले नाही, पण इच्छा फार झाली.

आता मूळ प्रश्न. नवं गिअर घेण्यापेक्षा यातून जास्त मिळालं का?

एक्स्पोजरपासून, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा तिथपासून, सुरुवात करते. मीटरची सुई समोरच्या सगळ्याची सरासरी काढून ती मध्यम करडी धरते, हे पुस्तकात वाचलं होतं. पण खिडकीसमोरच्या माणसाचा चेहरा काळा आला तेव्हा ते कळलं. मग जवळ जाऊन चेहऱ्यावर मीटर धरायचं, आकडे लावायचे, मागे यायचं आणि क्लिक. एकदा लावलं की के१००० स्वतःच्या मनाने काही बदलत नाही, हे मला मिररलेसच्या एक्स्पोजर लॉकपेक्षा सोपं वाटतं. पण 'फिल्मवर शिकलेलं सगळं डिजिटलला उपयोगी पडतं' असं जे ठोकून सांगतात ते अर्धसत्य आहे. रंगीत निगेटिव्हला जास्त प्रकाश सोसतो, कमी सोसत नाही, म्हणून तिथे सावलीकडे बघून एक्स्पोज करायचं. डिजिटल सेन्सर नेमका उलटा. सावली नंतर उचलता येते, जळलेला पांढरा भाग परत येत नाही. मी फिल्मची सवय घेऊन मिररलेस हातात घेतला आणि ढग साफ जाळले. स्लाइड फिल्मवर शिकलात तर गोष्ट वेगळी, ती डिजिटलइतकीच कडक असते.

मग ते नेहमीचं, फिल्म माणसाला सावकाश करते, प्रत्येक क्लिक विचार करून होतो. अमेरिकी फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड १९८४मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे न धुतलेले सुमारे २,५०० रोल होते. रोल म्हणतेय, फ्रेम नाही. फिल्म काही कुणाचा हात धरत नाही. माझा हात धरला तो खर्चाने. ज्याला पैशाची फिकीर नाही तो के१०००वरही अंदाधुंद सुटेल. आणि मितव्ययी फोटोग्राफर चांगला असतो असंही नाही. पहिल्या रोलमध्ये मी एवढी जपून होते की सगळे फोटो कोरडे, सुरक्षित, मधोमध माणूस असलेले आले.

फायदा झाला तो तिसरीकडेच, आणि तो निगेटिव्हच्या भांडणामुळे लक्षात आला. परत आलेल्या पट्ट्या खिडकीवर धरून मी लाइट लीक (प्रकाश कुठून शिरला ते) शोधत होते. ते शोधताना प्रथमच माझे सगळे फोटो ओळीने दिसले, न गाळता. कुठल्या जागी उभी राहून आधी काय काढलं, मग दोन पावलं कुठे सरकले, कुठे कंटाळून निघून गेले. आणि चांगली फ्रेम बहुतेक वेळा कंटाळण्याच्या जरा आधी येते हेही दिसलं. मिररलेसवर हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण वाईट फोटो मी तिथल्या तिथे पुसत होते. अमेरिकी फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला त्या स्थलांतरित आईचा फोटो सगळ्यांनी बघितलाय. त्याच वेळचे तिचे बाकीचे फोटोही लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि बघता येतात. तंबू दुरून, मग जवळून, मग आणखी जवळ, आणि मग तो चेहरा. एकटा तो चेहरा बघून जेवढं शिकता येतं त्याच्या कितीतरी पट त्या बाकीच्या फ्रेममधून शिकता येतं. पुसता येत असतं तर कदाचित त्या उरल्याही नसत्या.

इथवर लिहून झाल्यावर मनात शंका आली, की मग यात फिल्मचं काय कौतुक? पुसायचं नाही एवढंच ना? म्हणून मिररलेसवर तेच करून बघितलं. काही पुसलं नाही, घरी येऊन सगळे फोटो एका पानावर लहान लहान मांडले. खरं सांगते, चालतं. शिवाय प्रत्येक फ्रेमखाली शटर, ॲपर्चर, वेळ सगळं छापून मिळतं, जे फिल्मवर वहीत लिहावं लागतं आणि मी अर्ध्या वेळा लिहीत नाही. त्यामुळे वर फिल्मला दिलेले मार्क मी इथे थोडे कमी करते. सगळे काढून घेत नाही, कारण बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या शेजारच्या दोन फ्रेममध्ये फरक असतो तो समोरच्या माणसाने पापणी हलवल्याचा. माझा काही निर्णय त्यात नसतो. के१०००वर फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढेपर्यंत काहीतरी ठरवावंच लागतं, निदान पुन्हा काढायचा की नाही एवढं तरी. मिररलेस आता सिंगल शॉटवर ठेवलाय. खेळ आणि पक्षी काढणाऱ्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.

बाकीच्या कुरबुरी पटकन. मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सला झाकण लावलं की अंधारामुळे तो आपोआप थंड पडतो, नाही लावलं तर बॅटरी संपते, त्यामुळे झाकण हरवू नका. व्ह्यूफाइंडरमध्ये शटरचा आकडा दिसत नाही, दर वेळी कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्यावा लागतो. फ्लॅश १/६० सेकंदालाच जुळतो. शटर १/१०००ला संपतं, म्हणजे आयएसओ ४००ची फिल्म घातली की भर उन्हात एफ/११च्या आसपास अडकलात. तिथे एफ/२वर उघडायचं तर १/३२,००० लागेल. काही मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर तेवढं जातं. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कडी फिरतेय का ते बघायची सवय लावा. फिरत नसेल तर फिल्म आत नीट धरलीच गेलेली नाही आणि तुम्ही हवेचे फोटो काढताय. लेन्स मात्र लाडकी झाली. ॲडॅप्टरवर मिररलेसला बसते. ॲडॅप्टर म्हणजे पोकळ नळी, काच नाही, कारण पेंटॅक्सच्या के-माउंटचं लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर आणि मिररलेसचं त्याच्या निम्म्याहून कमी. नवी लेन्स न घेता एक लेन्स वाढली, हे माझ्या हिशेबात फार वर आहे.

घ्यावा का? हातात डिजिटल आहे, बटणं सगळी कळतात, तरी फोटो पुढे सरकत नाहीत, अशांनी जरूर घ्यावा. नवी बॉडी घ्यायच्या आधी तर नक्कीच. अगदी नवशिक्यांनी नको. आज चुकलेलं काय ते रोल धुऊन आल्यावर कळणार, तोवर काय लावलं होतं ते विसरलेलं असणार. पैसे घेऊन काम करणाऱ्यांनीही नको, निदान एकटा हाच कॅमेरा घेऊन तर नकोच. लॅबने एक रोल घालवला की त्याचा बॅकअप कुठेच नाही.

लॅबशी मी संबंध कमी करतेय. रंगीत रोलला डेव्हलपर ३७.८ अंशांवर स्थिर ठेवावा लागतो, ते घरी नको वाटतं. काळ्या-पांढऱ्याला २० अंश पुरतात आणि थोडं इकडेतिकडे झालं तर वेळ बदलून भागतं. टाकी आणि चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म टाकीत भरायची काळी पिशवी) आली आहे. इलफर्डची एचपी५ प्लस फिल्म, आयडी-११ डेव्हलपरमध्ये, पातळ न करता, साडेसात मिनिटं. निगेटिव्ह माझ्याकडेच राहतात, एकही कुणी फेकत नाही. स्कॅनरऐवजी खाली पांढरा एलईडी ठेवून मिररलेसनेच त्यांचे फोटो काढते. धुळीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. निगेटिव्ह वाळत असताना खोलीत पंखा लावू नका.