डीप पर्पलचा ‘मशीन हेड’: रिफ ऐका, पण नीट

ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पलचा १९७२ चा हा अल्बम घ्यायचा तो ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्यासाठीच; गाणं जन्मलं ते एका आगीतून. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडच्या माँत्र गावात अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कसिनो जळून खाक झाला. रेकॉर्डिंग तिथेच व्हायचं होतं. मग बँडने हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात बस्तान मांडलं; आवाज दाबायला कॉरिडॉरमध्ये गाद्या, बाहेर रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंग व्हॅन. या गाण्याचा मूळ ट्रॅक मात्र आधीच, पॅव्हिलियन थिएटरात, पोलीस दार ठोठावत असताना झाला.

या गाण्याचा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, वाजवताना बहुतेक जण पॉवर कॉर्ड (सा–प अशी जोडी) धरतात, तिथेच चुकतं. बँडचा गिटारवादक ब्लॅकमोर दोन तारांवर चौथ्या अंतराचे (सा–म असे) स्वर बोटांनी एकदम खेचतो. डी आणि जी तार (आकडे म्हणजे कितव्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवर, दाबायचं ते; मोकळी म्हणजे न दाबता): मोकळी, ३, ५; मोकळी, ३, ६, ५; मोकळी, ३, ५, ३, मोकळी. पिकने खालीवर मारलंत तर दोन्ही स्वर एकत्र फुटत नाहीत. कीबोर्डवादक जॉन लॉर्डचा मार्शल अँप्लिफायरमधून काढलेला हॅमंड ऑर्गनही कान देऊन ऐका, अर्धं वजन त्याचंच.

‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ हे गाणं मूळ अल्बमात नाही, हे खटकतंच. १९९७ ची आवृत्ती घ्या, त्यात आहे.